तरवड लावायचाय? मग सुरुवात जूनमध्ये नाही, नवरात्रात करा

पहिला पाऊस पडून गेला की मला दरवर्षी चार-पाच फोन येतात. "तरवडाचं रोप कुठे मिळेल? सोसायटीत लावायचंय." आदल्या नवरात्रात टेकडीवर फिरताना किंवा सासवड-जेजुरीच्या रस्त्याला ते पिवळंधमक झुडूप पाहिलेलं असतं. कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, आणि मुरमात उभं राहून फुललेलं असतं. ते डोक्यात राहतं आणि आठवण होते ती थेट जूनमध्ये. मग नर्सरीत धाव. तिथून 'कॅशिया' नावाचं काहीतरी घरी येतं, त्याला रोज पाणी मिळतं, आणि वर्षाच्या आत ते मरतं. नाही मेलं तर फुलल्यावर कळतं की हा तरवड नव्हताच.

चुका दोनच आहेत. कामांचा क्रम उलटा आणि पाणी जास्त. म्हणून हा लेख क्रमाने वाचा; मधला टप्पा गाळून पुढचा केला तर पुन्हा फोन करावा लागेल.

वर्षाचा आराखडा असा: नवरात्रात झुडूप शोधायचं आणि ओळख पक्की करायची. जानेवारी-फेब्रुवारीत बी. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात पेरणी. मे महिन्यात खड्डे. आषाढात लागवड. म्हणजे फूल पाहिल्यापासून रोप जमिनीत जाईपर्यंत नऊ महिने. घाई असेल तर दुसरं झाड निवडा.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

फार काही नाही. कागदी पाकिटं आणि पेन, एक सँडपेपर, एक लिटरच्या रिकाम्या दुधाच्या पिशव्या, खुरपी, घमेलं, दोन घमेली मुरूम, थोडं जुनं शेणखत. खताच्या पिशव्या, मूळ फुटायचं औषध, कोकोपीटच्या विटा यांपैकी काहीही आणू नका. कोकोपीट तर मुद्दाम सांगते, नको. ओल धरून ठेवणं हे त्याचं काम, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचंय.

## १. शोध: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर

तरवड वर्षभर असतोच, पण नजरेत भरतो तो नवरात्राच्या सुमाराला. गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि त्यात कमरेएवढी, कधी पुरुषभर उंच, गोलसर झुडपं फुललेली असतात. घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालायची पद्धत अनेक घरांत आहे, त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांना विचारलंत तर जागेचा पत्ता बहुधा तिथेच लागेल. माझ्या सासूबाईंनी मला दाखवलेलं झुडूप दिवे घाटाच्या पलीकडे एका बांधावर होतं, आणि माझ्या बागेतलं पहिलं बी तिथलंच.

कुठे बघायचं? मुरमाड उतार, शेताचे बांध, पडीक माळ, रस्त्याकडेची उघडी जागा. पुणे शहराच्या पूर्वेला आणि आग्नेयेला जास्त. पश्चिमेला मुळशीकडे पाऊस वाढत जातो तसा तो विरळ होतो. दाट सावलीत शोधू नका. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) गर्द लागवडीखाली तो नसतोच.

गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे चराईच्या माळावर बाकी सगळं खुरटलेलं आणि मध्ये एकच हिरवं झुडूप ताठ उभं असेल तर आधी तिकडे जा.

झुडूप सापडलं की जागा टिपून ठेवा: फोनवर खूण, शिवाय जवळच्या दगडाचा किंवा खांबाचा फोटो. जानेवारीत पानं कमी झालेली, गवत जळलेलं असतं आणि तीच जागा ओळखू येत नाही. एकच झुडूप टिपून थांबू नका, पाच-सहा टिपा. कारण पुढे येईल.

इशारा: झुडूप उपटून आणायचा मोह होईल. आणू नका. एक तर टेकड्यांचा बराच भाग वनखात्याच्या हद्दीत येतो आणि तिथून रोपच काय, बी न्यायलाही परवानगी लागते. दुसरं म्हणजे ते जगत नाही. गुडघ्याएवढ्या रोपाचं सोटमूळ मुरमाच्या फटीत खोल गेलेलं असतं, आणि खणताना ते हमखास तुटतं. मी सुरुवातीच्या वर्षी एका ओळखीच्यांच्या शेतातून, त्यांना विचारून, तीन रोपं काढली होती. चांगला मोठा मातीचा गड्डा धरून. आठ दिवसांत तिन्ही काड्या झाल्या.

## २. ओळख: फूल पाहून नाही, पान पाहून

बहुतेकांची गाडी इथेच चुकते. पिवळं फूल दिसलं की तरवड, असं नाही. पुण्याच्या आसपास पिवळ्या फुलांची निदान अर्धा डझन झाडं त्याच सुमाराला फुललेली असतात. फूल शेवटी बघा. आधी पुढच्या तीन गोष्टी बघा.

पहिली, कानासारखी उपपर्णं. पान जिथे फांदीला चिकटतं तिथे दोन्ही बाजूंना गोलसर, हिरवी, पानासारखीच दिसणारी पाळी असते. ती गळून जात नाही. तरवडाचं शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा, पूर्वीचं कॅशिया ऑरिक्युलाटा. त्यातला 'ऑरिक्युलाटा' म्हणजे कान असलेला, तो या पाळ्यांमुळे. ही खूण सापडली की निम्मं काम झालं.

दुसरी, पानाच्या मधल्या दांड्यावरच्या ग्रंथी. तरवडाच्या पानाला साधारण आठ ते बारा पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानातल्या छोट्या पानांच्या, जोड्या असतात आणि शेवटी एकटी पर्णिका नसते. या जोड्यांच्या मधोमध दांड्यावर बारीक उभट टोकं दिसतात. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करा. बरेचदा त्यांच्यावर मुंग्या फिरताना दिसतील, कारण तिथे गोड रस पाझरतो.

तिसरी, शेंग. चपटी, कागदासारखी पातळ, पिकल्यावर फिकट तपकिरी, बोटाएवढी किंवा जरा लांब. आत बी असेल तिथे फुगवटा उठून दिसतो. उन्हासमोर धरली तर दाणे मोजता येतात.

यानंतर फूल. पाच पाकळ्यांचं, पिवळं, पाकळ्यांच्या कडा चुरगळल्यासारख्या, मध्ये वाकडे लांब पुंकेसर. फांद्यांच्या टोकांना घोसाने येतं.

आता गफलत कुठे होते ते.

टाकळा: पावसाळी रोप, गुडघ्याएवढं. पर्णिकांच्या जेमतेम दोन-तीन जोड्या, शेंग लांब आणि बारीक, काडीसारखी. भाजी करतो तोच. याला तरवड समजणारे कमी, पण आहेत.

कासविंदा: हा जास्त फसवतो. पर्णिका कमी आणि टोकदार, पान चुरगळलं तर उग्र वास. याच्या बिया चुकून घरी आणू नका. लहान मुलांच्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं.

टेकोमा, म्हणजे घंटेसारखी पिवळी फुलं: त्याच्या पानाला करवतीसारखे दाते असतात आणि फूल एकसंध नळीचं असतं. शहरात शोभेसाठी लावलेला असतो आणि तिथून टेकडीवर पसरतो. पिवळी कण्हेर: पानं लांब, अरुंद, तोडल्यावर चीक, सगळं झाड विषारी.

आणि नर्सरीतला 'कॅशिया'. या नावाखाली तीन-चार वेगवेगळी झुडपं विकली जातात. दिसायला छान आहेत, त्यांच्याशी भांडण नाही, पण तरवड म्हणून घेऊ नका. नर्सरीत रोप बघताना कानाच्या पाळ्या शोधा. नसतील तर परत ठेवा.

पुढे जाण्याआधी तपासा: पाळी, ग्रंथी, शेंग या तिन्हींचा स्वतः काढलेला फोटो फोनमध्ये आहे का? दोनच जुळत असतील तर जानेवारीत पुन्हा जाऊन शेंग बघा आणि मगच बी घ्या.

## ३. बी गोळा करणं: जानेवारी-फेब्रुवारी

शेंग हिरवी असताना तोडली तर बी कच्चं निघतं, आणि फार उशीर केला तर भुंगेरे आधी पोचलेले असतात. योग्य वेळ कानाने कळते: झुडूप हलवलं की वाळलेल्या शेंगा खुळखुळ वाजतात.

पाच-सहा झुडपांवरून प्रत्येकी चार-पाच शेंगा घ्या. सगळं बी एकाच झुडपाचं असेल तर त्याचा जो काही कमकुवतपणा असेल तो सगळ्या रोपांत उतरतो. एका शेंगेत दहा-पंधरा दाणे निघतात, म्हणजे वीस-पंचवीस शेंगा म्हणजे भरपूर झाल्या. बाकीच्या झुडपावरच राहू द्या. जमीन खाजगी असेल तर मालकाला विचारा; "तरवडाचं बी? न्या की पोतंभर" असंच उत्तर बहुतेक वेळा मिळतं, पण विचारा.

घरी आल्यावर शेंगा दोन दिवस उन्हात वर्तमानपत्रावर पसरा, मग फोडा. दाणा तपकिरी, चपटा, एका टोकाला निमुळता, नखाने न दबणारा हवा. गोल छिद्र असलेले दाणे बाजूला काढा, आत कीड आहे किंवा होती. सुरकुतलेले, फिकट दाणेही काढा. उरलेले कागदी पाकिटात घालून, वर जागा आणि तारीख लिहून, कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत कोरड्या डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं आणि आत थोडी ओल राहिली, तर मार्चमध्ये बुरशीचा गोळा हाती येईल.

## ४. बीजप्रक्रिया: ही गाळली तर बाकी सगळं वाया

"पंचवीस बिया पेरल्या, दोन उगवल्या." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने दोनचा आकडा सांगण्याआधीच विचारते, "बी घासलं होतं का?"

तरवडाच्या बीचं कवच पाणी आत घेत नाही. निसर्गात हे त्याच्या फायद्याचं असतं. सगळं बी एकाच पावसात उगवून, मध्ये पावसाने ओढ दिली तर एकदम मरत नाही. काही या वर्षी, काही पुढच्या, काही त्याच्याही पुढच्या वर्षी उगवतं. आपल्याला मात्र सगळं एकाच वेळी हवंय. म्हणून कवचाला दार पाडायचं.

दोन पद्धती आहेत. मी पहिलीच वापरते.

सँडपेपर. मध्यम खरखरीत सँडपेपर जमिनीवर ठेवा. बी चिमटीत धरून त्याची एक कड चार-पाच वेळा घासा. बीचं निमुळतं टोक घासू नका, अंकुर तिकडे असतो. पसरट बाजूची कड घासा. चकचकीत तपकिरी साल जाऊन खालचा फिकट रंग टिकलीएवढा दिसला की थांबा. आत पांढरं दिसेपर्यंत घासलं तर बी कुजतं. पन्नास बियांना अर्धा तास लागतो; टीव्ही बघता बघता होतं.

गरम पाणी. पाणी उकळा, गॅस बंद करा, चार-पाच मिनिटं थांबा. मग बी त्या पाण्यात टाका आणि तसंच थंड होऊ द्या. बीच्या पाचपट तरी पाणी हवं. गॅस चालू असताना बी टाकून उकळणारे लोक आहेत. त्याची फक्त उसळ होते.

दोन्ही पद्धतींत पुढचं एकच: रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवायचं. सकाळी वाटीत बघा. ज्यांनी पाणी घेतलं ते दाणे फुगून जवळजवळ दुप्पट झालेले असतात, साल मऊ आणि बुळबुळीत, रंग फिकट. ज्यांनी घेतलं नाही ते तळाशी खड्यासारखे कडक पडलेले असतात. फुगलेले त्याच दिवशी पेरा. कडक राहिलेले पुसून पुन्हा घासा आणि पुन्हा एक रात्र भिजवा.

तपासा: दुसऱ्या रात्रीनंतरही पाचातले तीन दाणे फुगले नसतील तर तुम्ही हलक्या हाताने घासताय. बी खराब आहे असं लगेच ठरवू नका.

जाता जाता: पावसाळ्याच्या तोंडावर टेकडीवर सीडबॉल फेकायचे कार्यक्रम होतात. त्यांत न घासलेलं तरवडाचं बी मातीत वळून टाकलं जातं आणि नंतर कुणी मोजायला जात नाही. मुलांना मजा येते हे खरं. रोपं हवी असतील तर पिशवीत वाढवा.

## ५. पेरणी: गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया

पुण्यात तेव्हा रात्रीही ऊब असते आणि लागवडीपर्यंत रोपाला अडीच-तीन महिने मिळतात. याहून आधी पेरलं तर पावसाळ्यापर्यंत मूळ पिशवीत वेटोळं घालतं. उशिरा पेरलं तर रोप कोवळं राहतं आणि पहिल्या जोराच्या पावसात आडवं होतं.

पिशवी उंच हवी, रुंद नको, कारण सोटमूळ सरळ खाली जातं. एक लिटरच्या दुधाची पिशवी वरून कापली की अगदी नेमकी होते. तळाला आणि खालच्या बाजूंना सात-आठ भोकं पाडा. उगवण ट्रेमध्ये करून मग रोपं हलवू नका, थेट पिशवीतच पेरा.

मिश्रण: दोन भाग साधी माती, दोन भाग चाळलेला मुरूम किंवा जाड वाळू, अर्धा भाग जुनं शेणखत. मूठभर मिश्रण ओलं करून वळा. लाडू वळला आणि हलक्या धक्क्याने फुटला तर ठीक. वळलेला तसाच राहिला तर मुरूम वाढवा.

प्रत्येक पिशवीत दोन बिया, एक सेंटिमीटर खोल. झारीने पाणी. अर्धवट सावलीत ठेवा आणि उगवेपर्यंत वरची माती सुकू देऊ नका. साधारण आठवड्याभरात कोंब वर येतात. दोन्ही उगवले तर कमजोर रोप कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याचं मूळ दुखावतं. चार पानं आली की पिशव्या पूर्ण उन्हात.

नवशिक्यांची हमखास चूक: संध्याकाळ झाली की रोपाच्या पर्णिका मिटून खाली लोंबतात. रोप सुकलं असं वाटून लोक रात्री पाणी घालतात. ते झोपलंय. सकाळी उघडेल. सुकलेलं की झोपलेलं हे सकाळी नऊला बघून ठरवा, रात्री नाही.

कोंब आल्यावर पाणी दोन दिवसांआड. बोट पेरभर आत घालून ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी.

## ६. जागा आणि खड्डा: मे

किमान सहा तास थेट ऊन. याला तडजोड नाही. इमारतीच्या उत्तरेला अरुंद पट्टा असेल तर तिथे तरवड जगेल, फुलणार नाही.

यानंतर निचरा. पुण्याला वर्षाचा पाऊस साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने तरवड सहज काढतो. जीव जातो तो या चार महिन्यांत, पाणी साचलं तर.

चाचणी अशी: फूटभर खोल खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या. पुन्हा भरा. दुसरं पाणी दोन-तीन तासांत जिरलं तर जागा उत्तम. सकाळी भरलेलं संध्याकाळी दिसत असेल तर तिथे खड्ड्यात लावू नका; मुरूम-मातीचा दीड फूट उंच, तीन-चार फूट रुंद ढीग करा आणि त्यावर लावा. नदीकाठच्या काळ्या मातीत हेच करावं लागतं. काळ्या मातीत खड्डा खणून आत मुरूम भरला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं केलं तर आजूबाजूच्या चिकण मातीतलं पाणी त्या मुरमात उतरून साठतं. रोपासाठी आपणच हौद बांधलेला असतो.

निचऱ्याच्या जागेत दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरे. नव्या सोसायटीत फूटभर खाली सिमेंटचा राडारोडा, टाइल्सचे तुकडे, प्लास्टिक निघतं. ते सगळं काढा. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्या. भरताना निघालेलीच माती, एक घमेलं मुरूम आणि फार तर अर्धं घमेलं शेणखत. रासायनिक खत शून्य. खतावर वाढलेला तरवड पालेदार, लुसलुशीत होतो आणि फुलायचं विसरतो.

शेंगा येतात म्हणजे हे झाड मुळांच्या गाठींनी जमिनीत नत्र भरेल, असं मानून भाजीच्या वाफ्यात लावणारे भेटतात. सेना प्रजातीतल्या बहुतेक झाडांच्या मुळांवर तशा गाठी धरतच नाहीत. भाजीचा वाफा आणि तरवड, दोघांच्या पाण्याच्या गरजा उलट्या आहेत. लांब ठेवा.

## ७. लागवड: दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर

वळवाच्या पावसाला भुलू नका. जूनअखेर किंवा जुलैचा पहिला पंधरवडा, जमीन वीतभर तरी भिजलेली असताना लावा. क्रम असा:

१. आदल्या दिवशी पिशवीला पाणी द्या, म्हणजे गड्डा फुटत नाही.
२. पिशवी ब्लेडने उभी कापा. रोप खेचून काढू नका.
३. तळाशी मूळ गोल वळलं असेल तर वळलेला भाग कात्रीने सरळ कापा. जीव कचरतो, पण न कापलेलं वेटोळं तसंच जाड होत जातं आणि तीन वर्षांनी झुडूप वाऱ्याने मुळासकट कलंडतं.
४. गड्ड्याची वरची पातळी जमिनीच्या दोन बोटं वर ठेवा. माती बसल्यावर ती बरोबर येते. खोडाभोवती माती चढवू नका.
५. हाताने दाबा, पायाने तुडवू नका.
६. वीतभर अंतर सोडून छोटे दगड किंवा वाळलेलं गवत पसरा. खोडाला आच्छादन टेकता कामा नये.

दोन रोपांत दीड मीटर. कुंपणासारखी रांग हवी असेल तर एक मीटर. आता रोप वीतभर दिसतंय म्हणून जवळजवळ लावाल, आणि दोन वर्षांनी वाटेवर फांद्या येतात म्हणून तोडत बसाल.

गच्चीवर लावायचं असेल तर कुंडी दीड फूट खोल, तळाला तीन मोठी भोकं, निम्मा मुरूम. कुंडीतला तरवड जमिनीतल्यासारखा बिनपाण्याचा राहत नाही. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी द्यावंच लागतं.

## ८. पाणी: इथे हात आवरा

आमच्या सोसायटीत सहा रोपं लावली होती. दोन हिरवळीच्या कडेला, चार पार्किंगच्या मागच्या मुरमात. हिरवळीजवळच्या दोघांची पानं ऑगस्टमध्येच पिवळी पडायला लागली. माळीकाका म्हणाले, "ताई, रोज पाणी देतोय, तरी सुकतंय बघा." बिचारे जास्तच काळजी घेत होते. उकरून पाहिलं तर मूळ काळं आणि मऊ, साल बोटाने सोलली जात होती, वास कुजका. दोन्ही गेली. पार्किंगमागची चार, जिथे पाइपच पोचत नाही, ती आज माझ्या खांद्याला लागतात.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक, जमिनीतल्या रोपासाठी:

पावसाळ्यात काही नाही. पावसाने सलग दहा-बारा दिवस ओढ दिली तर एकदा पाच लिटर. ऑक्टोबरच्या उन्हात आठवड्याला पाच लिटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दहा-बारा दिवसांनी. मार्च ते मे पुन्हा आठ-दहा दिवसांनी, पण दहा लिटर आणि सावकाश, म्हणजे ते खोल जाईल. आळं खोडापासून फूटभर लांब करा. पाणी रोज थोडं थोडं दिलं तर मुळं वरच घुटमळतात, आणि एप्रिलमध्ये वरची चार बोटं माती तापली की रोप उभ्या उभ्या वाळतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा. तिसऱ्यापासून बंद. मेमध्ये थोडी पानं गाळेल, तो त्याचा उपाय आहे. घाबरून पाइप लावू नका.

तपासा: शंका आली की खुरपीने वीतभर खाली उकरा. तिथे माती हाताला गार लागली तर पाणी नको. पानं पिवळी, माती ओली: पाणी जास्त. पानं करडी-हिरवी आणि मलूल, माती खडखडीत: पाणी कमी. दोन्हींत रोप "सुकलेलं" दिसतं, म्हणूनच माती न बघता पाणी घालू नका.

सोसायटीचं ठिबक असेल तर त्या रोपाचा ड्रिपर बुच लावून बंद करा. बागेच्या टायमरला तरवड कळत नाही.

## ९. छाटणी आणि किडे

रोप फूटभर झालं की शेंडा खुडा, फुटवे येतात. नंतर वर्षातून एकदा, मेअखेर, एकतृतीयांश उंची कमी करा. फुलं नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात, म्हणून पावसाळ्यातल्या फुटीवर कात्री चालवायची नाही. दसऱ्याआधी आवार साफ करायच्या नादात सगळ्या झुडपांना कुंपणकात्रीने सपाट केलं जातं आणि मग "यंदा फुललाच नाही" म्हणतात. पाऊस सुरू झाला की कात्री कपाटात.

पानं कुरतडलेली दिसतील. फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात, त्यांच्या हिरव्या अळ्या पानाच्याच रंगाच्या असतात. झुडूप त्यातून उठतं, फवारू नका. पिठ्या ढेकूण आला तर ती फांदी कापून पिशवीत बांधून टाका.

न फवारण्याला आणखी एक कारण आहे. तरवडाच्या फुलात मध नसतो. पराग पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात, तेही कुणी जोरात थरथरवलं तरच. हे काम मोठे काळे भुंगे करतात: फूल पायांनी कवटाळतात आणि अंग थरथरवतात. फवारणी केली की भुंगे येत नाहीत, भुंगे नाहीत तर शेंगा धरत नाहीत.

## १०. दुसरं नवरात्र

पहिल्या नवरात्रात दोन-चार फुलं आली तर नशीब समजा. खरा बहर दुसऱ्या वर्षी. तेव्हाही फुलला नाही तर या क्रमाने शोधा: ऊन सहा तास मिळतंय का, जवळच्या झाडाची सावली वाढली का, कुणी खत घातलं का, जुलैनंतर कुणी कापलं का. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत तिसरं कारण सगळ्यांत जास्त निघालं.

माळेसाठी फुलं तोडायची तर सकाळी लवकर तोडा आणि घोसाचा खालचा उमललेला भागच घ्या. टोकाच्या कळ्या ठेवल्यात तर तेच झुडूप नवव्या माळेपर्यंत पुरतं. सातच्या सुमाराला झुडपाजवळ उभं राहिलात तर भुंग्याची गुणगुण मध्येच एकदम बारीक, चढ्या सुरात ऐकू येईल, शिवणयंत्र सुरू झाल्यासारखी. तो फूल हलवत असतो. तेवढी फुलं त्याच्यासाठी सोडा, जानेवारीत शेजाऱ्यांना द्यायला शेंगा लागणार आहेत.